कनकलतेला उठवायचं कुणी

"हे कन्ये! ज्या ओठांनी तू मला पिताश्री म्हणून हाक मारलीस, ते ओठ आज असे निश्चल का?" असं म्हणून पुंजाजीने दोन्ही हात वर केले आणि समोरच्या म्हशीकडे पाहिलं. म्हशीने एक कान हलवला. तिच्या पलीकडे दोन गोऱ्हे आणि एक बकरी उभी होती. कोंडवाड्यातली जनावरं हा पुंजाजीचा सगळ्यात भरवशाचा प्रेक्षक होता. मधेच उठून जाणं त्यांच्या हातात नव्हतं.

"झालं काय रे पुंजा तुह्यं रडनं? झालं असन तं माही बकरी सोड."

फाटकापाशी सुलतानबी उभी होती. केव्हाची उभी होती कोण जाणे. पुंजाजीने हात खाली घेतले आणि उगाच धोतराला पुसले. सुलतानबी म्हणजे चांद पिंजाऱ्याची आई. गावातल्या झाडून सगळ्या गाद्या-रजया त्या मायलेकांच्या हातच्या होत्या. तिची बकरी उकंडराव पाटलाच्या हरभऱ्यात शिरली, आणि पाटलाच्या गड्याने तिला कानाला धरून कोंडवाड्यात आणून घातली. मोकाट जनावरं कोंडायची, मालक आला की सोडायची, आणि मधल्या वेळात त्यांना पाणी दाखवायचं, एवढीच पुंजाजीची सरकारी नोकरी. पन्नाशी जवळ आली तरी तो ती इमानेइतबारे करत होता. पण त्याला विचारलं असतं तर त्याने आपण नाटककार आहोत असंच सांगितलं असतं. अडचण एवढीच होती की कुणी विचारत नसे.

त्याने एकच नाटक लिहिलं होतं. 'संगीत कनकलतावियोग'. राजा धवलकेतू आपल्या एकुलत्या एक कन्येला घेऊन वनवासात जातो, तिथे तिला ज्वर भरतो, आणि पहाटे बापाच्या मांडीवर ती प्राण सोडते. एवढीच गोष्ट, पण ती सांगायला रात्र पुरत नसे. दरसाल शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी देवळापुढच्या मैदानात ते नाटक व्हायचं. राजा पुंजाजी स्वतः, आणि कनकलता चांद पिंजारी. चांदचा गळा गोड होता आणि संध्याकाळी दाढी केली की मध्यरात्रीपर्यंत तो पाहण्यासारखा दिसे. पुढे पहाटेपर्यंत गालावर खुंट उगवत, पण तोवर राजकन्या आजारी पडलेलीच असायची.

पंधरा वर्षांमागे मानमोडीची साथ आली होती. दर दोन घरांत एक तिरडी बांधली गेली, आणि त्यात पुंजाजीची सात वर्षांची विजयमाला गेली. त्यानंतर दोनेक वर्षांनी त्याने हे नाटक लिहायला घेतलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं गावात कुणाच्या डोक्यातही आलं नाही. पुंजाजीने ते कधी बोलून दाखवलं नाही. घरात तर तो आणि त्याची बायको सोजरबाई, दोघांनीही त्या पोरीचं नाव तोंडातून काढायचं सोडून दिलं होतं.

नाटक चांगलं की वाईट हे ठरवायला गावाला कधी सवडच मिळाली नाही, आणि याला कारण होती हीच सुलतानबी. फार पूर्वी एका नाटकात एक जण सोंगात मेला, पडद्यामागे उठून विडी ओढत घरी गेला, आणि आठच दिवसांत पटकीने खरोखरच मेला. तेव्हापासून गावाने रीत घालून दिली, की नाटकात जो मरेल त्याला त्याच्या घरच्या माणसाने सगळ्यांदेखत पाणी शिंपडून, हाक मारून उठवायचं. मेलेलं माणूस उठल्याशिवाय पडदा ओढायचा नाही आणि लोकांनीही जागा सोडायची नाही. कनकलता रोज मरत नसली तरी दरसाल मरत होती, म्हणून दरसाल सुलतानबी तांब्या घेऊन वर चढे. राजाचा विलाप संपायचा अवकाश, ती म्हणे, "चांद्या, ऊठ बेटा, पाटलाच्या दोन रजया भराच्या पडल्या," आणि राजकन्या लुगडं सावरत उठून बसे. मग जे हसू फुटे ते थांबता थांबत नसे. एका साली तर लोकांनी वन्समोअर दिला. बिचाऱ्या चांदला पुन्हा मरावं लागलं आणि म्हातारीला पुन्हा उठवावं लागलं.

वन्समोअर! पुंजाजीने तरुणपणी अकोल्याला एका बड्या कंपनीचं नाटक पाहिलं होतं, तेव्हा तो शब्द पहिल्यांदा ऐकला होता. सगळं थिएटर ओरडत होतं आणि गाणारा तेच पद पुन्हा गात होता. आपल्यालाही आयुष्यात एकदा कुणीतरी 'पुन्हा म्हण' म्हणावं, एवढीच त्याची इच्छा होती. तो मान मिळाला, पण रजयांना मिळाला. हे त्याच्या फार जिव्हारी लागलं होतं.

आणि यंदा त्याच अकोल्याच्या कंपनीचे मालक नाटक पाहायला येणार होते. उकंडराव पाटलाची आणि त्यांची कुठेतरी कचेरीत ओळख झाली होती. नवीन नाटकाच्या शोधात आहेत, आवडलं तर घेतील, असं पाटील म्हणाला होता. हे ऐकल्यापासून पुंजाजीला अन्न गोड लागत नव्हतं.

त्याने बकरी सोडली, दोरी सुलतानबीच्या हातात दिली, पण दोरीचं दुसरं टोक सोडलं नाही.

"मावशी, एक मागू? या साली वर नको येऊ."

"म्हंजे? माहा पोरगा मरून पडन अन् मी बसून पाहू?"

"पडद्यामागं उठव. मी सोता तांब्या भरून ठेवतो. लोकायपुढं नको. कंपनीवाला येऊन राह्यला मावशी. शेवटी लोकं हसले तं सारं पान्यात गेलं."

सुलतानबीने दोरीला एक हिसका दिला. गावाची रीत मोडायची म्हणजे लहान गोष्ट नव्हती, आणि मरणार होता तो तिचा मुलगा होता, पुंजाजीचा नव्हता. पण पुंजाजीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते म्हशीसाठी आणलेलं नव्हतं, हे तिला दिसलं. मुलगा समोर मरून पडला की ऐन वेळी आपल्याच्याने बसवणार नाही, हेही तिला ठाऊक होतं. म्हणून तिने स्वतःलाच बांधून घेतलं.

"मंगरूळच्या पिराची आन," ती म्हणाली. "तू सोडवशीन तवाच मी उठीन. आता दोरी सोड."

नाटकाच्या दिवशी मालक जऊळक्याच्या स्टेशनवर संध्याकाळच्या गाडीने उतरले. पाटलाने बैलांची दमणी पाठवली होती. अंगावर शाल, खिशात साखळीचं घड्याळ, असे ते मांडवात पहिल्या रांगेत खुर्चीवर येऊन बसले आणि सगळं गाव नाटकाऐवजी त्यांच्याकडेच बघायला लागलं. पुंजाजीने पडद्याच्या फटीतून त्यांना पाहिलं. मग त्याने बायकांच्या बाजूला नजर टाकली. सोजरबाई घोंगडीवर बसली होती. ती दरसाल येत असे आणि कनकलतेला ज्वर भरायला लागला की गाय दुहायची आहे म्हणून उठून जात असे. गाय त्या वेळेला दूध देत नाही हे पुंजाजीला माहीत होतं. घरच्याच माणसाला आपल्या लिहिण्याची कदर नाही, असं तो मनाशी धरून बसला होता. या वेळेस त्याने शेवटपर्यंत बस म्हणून सांगितलं होतं. ती नुसतं "पाहू" म्हणाली होती.

नाटक सुरू झालं आणि नेहमीसारखंच चाललं. प्रधानाची मिशी एकदा पडली. गॅसबत्ती दोनदा विझली. मालकांनी तीनचार जांभया दिल्या आणि एकदा मान डोलावली, पण ती झोपेने की पसंतीने हे वरून कळायला मार्ग नव्हता. पहाटेची थंडी वाढली, लोकांनी घोंगड्या डोक्यावरून घेतल्या, आणि वनवासात कनकलतेला ज्वर भरला. पुंजाजीने बायकांकडे पाहायचं टाळलं.

पूर्वेकडे फटफटायला लागलं तेव्हा चांद त्याच्या मांडीवरून खाली कलला आणि उजव्या कुशीवर, एक हात गालाखाली घेऊन निपचित पडला. त्याने तसंच पडायचं हे पुंजाजीने त्याला पहिल्या सालीच शिकवलं होतं आणि त्यात कधी बदल करू दिला नव्हता. मग राजाने विलाप केला. पिताश्री, निश्चल ओठ, सगळं म्हणून झालं. शेवटचं वाक्य संपलं.

कुणी हसलं नाही. लोक सुलतानबीची वाट पाहत होते आणि ती तिसऱ्या रांगेत तांब्या मांडीवर घेऊन ओठ घट्ट मिटून बसली होती. कुणाला काय करावं ते कळेना. मेलेलं उठलं नव्हतं, म्हणून पडदा ओढणाराही दोरी धरून तसाच उभा राहिला. सगळं मैदान गप्प झालं. देवळावरची कबुतरं फडफडलेली ऐकू आली. पुंजाजीला इतकी वर्षं जे हवं होतं ते हेच होतं. त्याच्या नाटकाच्या शेवटी मेलेलं माणूस मेलेलं राहिलं होतं. त्याने मालकांकडे पाहिलं.

मालक खुर्चीवरून उठून रंगमंचाच्या फळीपाशी आले होते.

"पुंजाजीराव, छान झालं," ते हळू आवाजात म्हणाले. "पण ती म्हातारी कुठं आहे?"

पुंजाजीला काही समजेना. मालकांनी मग समजावून सांगितलं. पाटलांनी त्यांना सांगितलं होतं म्हणे, की इथे मेलेल्या राजकन्येला तिची आई रजया भरायला उठवते. ते ऐकून हसता हसता त्यांची पुरेवाट झाली होती. कंपनीला सध्या तसलंच काहीतरी पाहिजे होतं. रडारड त्यांच्याकडे पेट्या भरून पडली होती, ती बघायला कुणी तिकीट काढत नव्हतं.

"अजून गाडीला वेळ आहे," मालक म्हणाले. "बोलवा तिला. जसं दरसाल होतं तसं होऊ द्या. मी पाहतो, आणि मला तसं दिसलं तर नाटक घेतलं म्हणून समजा. लेखक म्हणून नाव तुमचंच."

हे बोलणं पुढच्या रांगांना ऐकू गेलं. सुलतानबी अर्धवट उठली. "तू म्हन पुंजा," ती म्हणाली. "आन सुटली म्हन, येतो मी."

एक शब्द बोलायचा होता. अकोल्याच्या थिएटरात, भिंतीवर लावलेल्या कागदावर, मोठ्या अक्षरांत त्याचं नाव आलं असतं. इतक्या वर्षांत त्याने दुसरं काही मागितलं नव्हतं, आणि देणारा हात पुढे करून उभा होता. पुंजाजीने खाली पाहिलं. उजव्या कुशीवर, गालाखाली हात घेऊन, पोर निजली होती. तिच्यावर आता सगळं गाव हसणार होतं, आणि हसा म्हणून सांगायचं होतं ते त्याने.

"नाई," तो म्हणाला. "आज नाई, मालक."

मालक भले माणूस होते. त्यांनी आग्रह केला नाही. घड्याळ पाहिलं, पाटलाला नमस्कार केला आणि दमणीत जाऊन बसले. बैलांच्या घुंगरांचा आवाज जऊळक्याच्या वाटेने लांब लांब जात राहिला.

पण लोक उठेनात. चांद तसाच पडून होता. थंडीने त्याच्या पायाची बोटं आखडली होती, गालावरचे खुंट उजेडात स्पष्ट दिसत होते, पण कुणी हाक मारल्याशिवाय उठायची त्याची छाती नव्हती. मेलेला माणूस तसाच टाकून घरी जायचं तर जीव कुणाचा जायचा याची सगळ्यांनाच धास्ती. त्यातून म्हाताऱ्या आईने पिराची आन घेतलेली. ज्याच्यासाठी ती घेतली त्याने सोडवली असती तर काम एका क्षणात झालं असतं, पण म्हातारी तोंड उघडणार, लोक हसणार, आणि ते पुंजाजीला आता सोसवत नव्हतं. तो तिथेच मुकुट घालून बसून राहिला.

उकंडराव पाटील खुर्चीतून उठला. त्याला पाहुणा गेल्याचा राग होताच. "आता याले उठवन कोन?" तो म्हणाला. "म्हातारीले तू बसवलं. मंग ज्यानं मारलं त्यानंच उठवाव. चाल पुंजाजी, घे तांब्या, लोकायले घरी जाऊ दे."

सुलतानबीने जागेवरूनच तांब्या पुढे केला. हातोहात तो वर आला. पुंजाजीने तो घेतला, ओंजळीत पाणी घेतलं. चांद्या ऊठ, एवढंच म्हणायचं होतं. तो खाली वाकला. बारीक उजेड पडला होता, तसाच, आणि गालाखालचा हात तसाच होता. पाणी बोटांमधून गळून गेलं.

"विजू," तो म्हणाला. "ऊठ वं माय. उजाडलं. बकरीचं पिल्लू सोडाचं हाय ना तुले. ऊठ, माय."

ते त्याने पंधरा वर्षांमागे म्हटलेले शब्द होते. एका पहाटे, घरात, खाटेपाशी बसून, हेच शब्द त्याने पुन्हा पुन्हा म्हटले होते आणि शेजारच्या बायकांनी त्याला हाताला धरून उठवलं होतं. नाटकात यातला एक शब्दही नव्हता. तिथे त्याने पिताश्री लिहिलं होतं.

जुन्या माणसांना ते नाव आठवलं, आणि ज्यांना आठवलं नाही त्यांनीही काही विचारलं नाही. चांद डोळे मिटून पडला होता. हाक त्याच्या नावाची नव्हती, उठावं की उठू नये हे त्याला ठरवता येईना. विजू लहान असताना त्याने तिला खांद्यावर बसवून शिरपूरची जत्रा दाखवली होती. तो सावकाश उठून बसला, पदर डोक्यावर घेतला.

"उठली, बा," तो म्हणाला. पहिल्या दोन रांगांपलीकडे ते कुणाला ऐकू गेलं नसेल.

मग पडदा ओढला गेला. लोक घोंगड्या गोळा करून मुकाट्याने आपापल्या घरांकडे निघाले. त्या साली घरी जाताना कुणी कुणाची नक्कल केली नाही. पाटील पडद्यामागे आला. त्याचा आवाज उतरला होता. तो म्हणाला, की दमणी अजून नाल्यापाशीच असेल, घोड्यावर गडी पाठवतो, मालकाला परत आणतो, हे त्याने पाहायला पाहिजे होतं.

"जाऊ द्या, पाटील," पुंजाजी म्हणाला. "त्यायची गाडी चुकन."

तो बाहेर आला तेव्हा बायकांची बाजू रिकामी झाली होती. एकटी सोजरबाई उभी होती, घडी केलेली घोंगडी हातावर घेऊन. ती गेली नव्हती. त्याने तिच्याकडे पाहिलं. जनावरं ओरडत असतील, एवढंच बोलून ती चालायला लागली आणि तो तिच्या मागून निघाला. कोंडवाड्यात आल्यावर त्याने विहिरीचं पाणी शेंदलं आणि हौदात ओतलं. म्हैस पाण्याला लागली. सोजरबाई हौदाच्या काठावर बसली होती.

"चांद उजव्या कुशीवर निजला होता," ती म्हणाली.

"हो."

"हात गालाखाली. तुमी सांगतलं होतं काय त्याले?"

"हो."

सोजरबाईने पदराने तोंड पुसलं. "मले वाटे तुमी इसरले," ती म्हणाली. "लोकायले हसवाले नाटक करून राह्यले, अन् तिले इसरले. म्हनून मी उठून जाओ."

इतकी वर्षं तिला कदर नाही म्हणून पुंजाजी मनात रुसून बसला होता. त्याने बादली पुन्हा विहिरीत सोडली, भरून वर ओढली आणि हौदापर्यंत आणली.

"अजून एक डाव हाक मारा तिले," सोजरबाई म्हणाली. "तिथी लोकं होते. मले नीट आयकू नाई आली."

पुंजाजीने बादली खाली ठेवली. डोक्यावरचा बेगडाचा मुकुट अजून तसाच होता, तो काढून त्याने फाटकाच्या खुंटीला अडकवला, बायकोच्या शेजारी हौदाच्या काठावर बसला आणि हाक मारली.